बोनस: हक्क की मेहेरबानी? आयुर्विमा कर्मचाऱ्यांची लढाई



दसरा जवळ आला की एक बातमी दरवर्षी येते. रेल्वे कर्मचाऱ्यांना इतक्या दिवसांचा बोनस जाहीर, तिजोरीवर इतक्या कोटींचा भार. त्याच सुमारास मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना दिवाळीचं 'सानुग्रह अनुदान' जाहीर होतं. बातमी वाचून एक जण म्हणतो, "मजा आहे सरकारी नोकरांची!" दुसरा म्हणतो, "आमच्या कंपनीत मिठाईच्या डब्यावर भागवतात." चर्चा तिथेच संपते.

आजच्या भागात आपण ती थोडी पुढे नेऊ. बोनस म्हणजे नेमकं काय? मालकानं खूश होऊन दिलेलं बक्षीस, की कामगारानं आधीच कमावलेला, पण उशिरा हातात पडणारा पगार? आणि मालक जर स्वतः सरकारच असेल, कायदा करण्याची ताकदही त्याच्याच हातात असेल, तर सही केलेला करार त्याला मोडता येतो का?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला आपल्या देशातला एक खटला फार उपयोगी आहे. भारतीय आयुर्विमा महामंडळ, म्हणजे आपलं एलआयसी, तिथले कारकून आणि शिपाई, आणि समोर केंद्र सरकार. पण त्याआधी बोनस हा प्रकार आला कुठून, ते पाहू.

तेराव्या पगाराची गोष्ट

दिवाळीच्या तोंडावर मोबाइलवर एक मजकूर फिरतो. पूर्वी पगार आठवड्याला मिळायचा, वर्षात ५२ आठवडे, म्हणजे चार-चार आठवड्यांचे १३ पगार. इंग्रजांनी महिन्याचा पगार सुरू केला, एक पगार बुडाला, कामगारांनी लढून तो दिवाळीला परत मिळवला आणि तोच बोनस. ऐकायला छान आहे. पण हा बुडालेला तेरावा पगार परत देण्याचा कायदा असता, तर बोनसचा पहिला कायदा झाला तेव्हाच किमान दर ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, ठेवला गेला असता. प्रत्यक्षात १९६५ च्या कायद्यात किमान दर ४ टक्के होता. ८.३३ चा आकडा १९७२ मध्ये आला.

खरी सुरुवात मुंबईच्या कापड गिरण्यांत झाली. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना प्रचंड नफा झाला आणि महागाईही भडकली. १९१७ मध्ये मालकांनी पगारावर १० टक्के 'युद्ध बोनस' दिला. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी तो बंद केला, तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिनं निष्कर्ष काढला की कामगारांना बोनस मागण्याचा कायदेशीर हक्क नाही. म्हणजे बोनस ही मेहेरबानी ठरली.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९५० मध्ये मुंबईच्या गिरणी मालकांच्या आणि कामगारांच्या वादात श्रम अपील न्यायाधिकरणानं एक सूत्र घालून दिलं. आधी घसारा, यंत्रांचं नूतनीकरण, भांडवलावर वाजवी परतावा हे सगळं नफ्यातून वजा करायचं, आणि उरेल त्यात कामगाराचाही वाटा. पुढे १९६१ मध्ये बोनस आयोग नेमला गेला आणि २५ सप्टेंबर १९६५ ला बोनस कायदा झाला. किमान ४ टक्के, कमाल २० टक्के. आता बोनस हक्क झाला.

पण या कायद्यातच एक कलम होतं, ३२ वं. हा कायदा कोणाला लागू नाही त्याची यादी त्यात होती. सरकारी खाती, त्यात रेल्वे आणि टपाल आलं. रिझर्व्ह बँक. आणि एलआयसी. खासगी गिरणीतल्या कामगाराला बोनस हक्कानं, पण सरकारी नोकराला कायद्यानं नाही. आपली पुढची सगळी गोष्ट या एका कलमामुळे घडली.

करार झाला, सही झाली

एलआयसी १ सप्टेंबर १९५६ ला सुरू झाली. खासगी विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह संस्था मिळून २४५ संस्था सरकारनं एकत्र केल्या. कायदा असा की जो अतिरिक्त निधी उरेल त्यातला किमान ९५ टक्के पॉलिसीधारकांना बोनस म्हणून जाईल. हा बोनस वेगळा आणि कर्मचाऱ्याचा बोनस वेगळा, शब्द मात्र एकच. या एका शब्दानं पुष्कळ गोंधळ घातला.

एलआयसीच्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी, ज्यात १९५१ मध्ये मुंबईत स्थापन झालेली अखिल भारतीय विमा कर्मचारी संघटना प्रमुख होती, १९७४ च्या सुरुवातीला व्यवस्थापनाशी करार केला. औद्योगिक विवाद कायद्याखाली झालेला हा रीतसर करार होता. २४ जानेवारी १९७४ ही त्याची तारीख. केंद्र सरकारची संमती त्याला होती. १ एप्रिल १९७३ ते ३१ मार्च १९७७ अशी चार वर्षांची मुदत ठरली.

बोनसबद्दल त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, नफ्यात वाटा म्हणून बोनस मिळणार नाही. एलआयसी नफ्यासाठी चालत नाही, हे संघटनांनी मान्य केलं. दुसरी, दर वर्षी रोख बोनस मिळेल, आणि तो मूळ पगार, विशेष वेतन व महागाई भत्ता धरून वार्षिक पगाराच्या १५ टक्के असेल. दर वर्षीच्या एप्रिलच्या पगारासोबत तो द्यायचा.

इथे जरा थांबा. हा बोनस नफ्याशी बांधलेला नव्हता. तो पगाराच्या वाटाघाटीचा भाग होता. संघटनांनी चार वर्षांच्या पगारवाढीचा सौदा केला, त्यातला काही भाग दरमहा घेतला आणि काही भाग वर्षातून एकदा. नाव 'बोनस' असलं तरी वस्तू पगारच होती. पहिली दोन वर्षं, एप्रिल १९७४ आणि एप्रिल १९७५ मध्ये, पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले.

आणीबाणी आणि कपात

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. आणि २५ सप्टेंबर १९७५ ला, म्हणजे बोनस कायद्याला बरोबर १० वर्षं झाली त्या दिवशी, एक वटहुकूम निघाला. किमान बोनस ८.३३ वरून पुन्हा ४ टक्के. तोही वाटण्याजोगा नफा असेल तरच.

एलआयसीला तर बोनस कायदा लागूच नव्हता, मग तिचा काय संबंध? सरकारनं धोरण ठरवलं की ज्या संस्थांना कायदा लागू नाही, तिथे यापुढे बोनस नाही. त्याऐवजी सरकार ठरवेल ती सानुग्रह रक्कम, जास्तीत जास्त १० टक्के. मार्च १९७६ मध्ये एलआयसीनं आपल्या सगळ्या कचेऱ्यांना परिपत्रक पाठवलं: पुढील सूचना येईपर्यंत बोनस देऊ नये.

समजण्यापुरता हिशेब करू. वर्षाचा पगार आणि महागाई भत्ता मिळून ६,००० रुपये असतील, तर करारानं ९०० रुपये मिळायला हवेत. १० टक्क्यांची मर्यादा लावली तर जास्तीत जास्त ६००. पण ३०० रुपयांच्या फरकापेक्षा मोठी गोष्ट शब्दात होती. 'बोनस' जाऊन 'सानुग्रह' आलं. सानुग्रह म्हणजे कृपा म्हणून. कृपा वाढू शकते, कमी होऊ शकते, एखाद्या वर्षी होणारही नाही. तिच्यासाठी कोणत्याही न्यायालयात जाता येत नाही.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. १९७३-७४ मध्ये महागाईनं कहर केला होता. विमा कर्मचाऱ्यांचे पगार इतरांच्या मानानं बरे होते. एलआयसीचा पैसा शेवटी पॉलिसीधारकांचा. त्यातून पगारावर जास्त गेलं तर विमेदाराला कमी मिळणार. हे मुद्दे हास्यास्पद नव्हते. पण ते मुद्दे मांडण्याची जागा जानेवारी १९७४ मधलं वाटाघाटीचं टेबल होती. सही झाल्यावर, दोन वर्षं पैसे दिल्यावर, मुदत संपण्याआधी नव्हे.

संघटनेनं काय केलं?

आणीबाणीत संप करणं म्हणजे अटकेला आमंत्रण. दोन वर्षांपूर्वी, मे १९७४ मध्ये, रेल्वे कामगारांनी २० दिवसांचा देशव्यापी संप केला होता. त्यातली एक मागणी बोनसचीच होती. तो संप सरकारनं कसा मोडला, हजारो लोकांना कसं तुरुंगात टाकलं, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून विमा कर्मचाऱ्यांची संघटना कोलकाता उच्च न्यायालयात गेली. मागणी साधी: करार पाळण्याचा आदेश द्या.

२१ मे १९७६ ला एका न्यायमूर्तींच्या पीठानं कर्मचाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. एलआयसीनं त्याविरुद्ध अपील केलं. अपील चालू असतानाच, आठच दिवसांत, २९ मे १९७६ ला एक नवा कायदा अंमलात आला. नावातच हेतू होता: आयुर्विमा महामंडळ (करारात फेरबदल) कायदा, १९७६. करारातलं वार्षिक रोख बोनसचं कलम १ एप्रिल १९७५ पासून अस्तित्वातच नव्हतं असं समजावं, असं त्यात म्हटलं होतं. मालक हरला होता, म्हणून त्यानं खेळाचा नियम बदलला. तोही मागच्या तारखेपासून.

मग एलआयसीच्या बाजूनं एक गंमत झाली. नवा कायदा आलाच आहे, तर अपील पुढे चालवण्याची गरज नाही, असं त्यांनी खंडपीठाला सांगितलं. अपील तिथेच राहिलं आणि मूळ निकाल जसाच्या तसा कायम झाला. पुढे हेच महागात पडलं.

सात न्यायमूर्तींचा निकाल

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'मदन मोहन पाठक विरुद्ध भारत सरकार' या नावानं ते ओळखलं जातं. सात न्यायमूर्तींच्या पीठानं २१ फेब्रुवारी १९७८ ला निकाल दिला. सरन्यायाधीश बेग यांचा तो पदावरचा शेवटचा दिवस. पीठावरचे दुसरे न्यायमूर्ती, आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड, दुसऱ्या दिवशी सरन्यायाधीश झाले. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती भगवती यांचं होतं.

त्यातला युक्तिवाद सोप्या भाषेत सांगतो. कर्मचाऱ्यानं वर्षभर काम केलं. करारानुसार १५ टक्के बोनस त्याला देय झाला. म्हणजे एलआयसी त्याची कर्जदार झाली. कोणाकडून तरी येणं असलेली रक्कम ही सुद्धा मालमत्ताच असते, जशी बँकेतली तुमची ठेव. सरकारचं म्हणणं होतं की आम्ही काही घेतलं नाही, फक्त एक हक्क संपवला. न्यायालय म्हणालं, कर्ज पुसलं की ज्याचं देणं होतं त्याच्या खिशात तेवढे पैसे राहतात. इथे देणेकरी कोण? एलआयसी, जी स्वतः राज्यसंस्थेचा भाग आहे. म्हणजे कर्मचाऱ्यांची मालमत्ता राज्यानं घेतली आणि मोबदला दिला नाही. तेव्हा घटनेतलं कलम ३१(२) हे मोबदल्याशिवाय मालमत्ता घेऊ देत नव्हतं. म्हणून १९७६ चा कायदा रद्दबातल.

न्यायमूर्ती भगवतींच्या निकालपत्रात दुसरा मुद्दा कोलकात्याच्या त्या निकालाचा होता. संसद कायदा बदलू शकते, पण दोन पक्षांमध्ये दिलेला न्यायालयाचा आदेश एवढ्यानं आपोआप पुसला जात नाही. एलआयसीनं अपील चालवलं असतं तर नव्या कायद्याचा आधार घेता आला असता. तिनं ते सोडून दिलं, त्यामुळे आदेश तिच्यावर बंधनकारक राहिला.

कर्मचारी जिंकले. गोष्ट इथे संपली असती, तर मी हा भाग 'न्यायाचा विजय' म्हणून पाच मिनिटांत आटोपला असता.

दुसरी आणि तिसरी फेरी

मार्च १९७८ मध्येच एलआयसीनं करार संपुष्टात आणत असल्याची नोटीस दिली. मुदत तर ३१ मार्च १९७७ लाच उलटली होती. पुन्हा खटला. १० नोव्हेंबर १९८० ला सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक अशा मतांनी सांगितलं की मुदत संपली, नोटीसही दिली, तरी नवा करार किंवा नवा निवाडा होईपर्यंत जुन्या कराराच्या अटी चालू राहतात. मधली जागा रिकामी राहत नाही. कामगार कायद्यातलं हे फार महत्त्वाचं तत्त्व आहे. तुमच्या संघटनेचा करार संपला आणि नव्याच्या वाटाघाटी रेंगाळल्या, तर याच निकालाचा दाखला दिला जातो.

सरकारनं ३१ जानेवारी १९८१ ला पुन्हा वटहुकूम काढला, मग कायदा केला. एलआयसीच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती सरकार नियम करून ठरवेल आणि ते नियम औद्योगिक विवाद कायद्याच्या वरचढ असतील. २ फेब्रुवारी १९८१ ला नियम आले आणि जुना बोनस बंद झाला. या वेळी परिस्थिती वेगळी होती. ४४ व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा मूलभूत हक्क जून १९७९ मध्येच काढून टाकला होता. ज्या ढालीनं १९७८ मध्ये कर्मचारी वाचले, ती ढाल राहिली नव्हती. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा वैध ठरवला, पण एक मर्यादा घातली. आधीच्या निकालानं जे मिळालं ते मागच्या तारखेनं हिरावता येणार नाही, बोनसबंदी २ फेब्रुवारी १९८१ पासून पुढेच लागू.

थोडक्यात, जे कमावलं होतं ते कर्मचाऱ्यांनी वाचवलं. जे पुढे कमावायचं होतं ते गमावलं. सात-आठ वर्षांच्या झगड्याचा हा प्रामाणिक ताळेबंद आहे.

न दिसणारी कपात

एलआयसीच्या बाबतीत कपात ढळढळीत दिसत होती. परिपत्रक होतं, कायदा होता, म्हणून लढताही आलं. आजची कपात अशी दिसत नाही. ती समजून घ्यायला रेल्वेकडे जाऊ.

१९७४ चा संप मोडला, पण मागणी मेली नाही. १९७९ मध्ये रेल्वेसाठी 'उत्पादकतेशी निगडित बोनस' मान्य झाला. आजही तो मिळतो. २०२५ मध्ये दसऱ्याआधी ७८ दिवसांचा बोनस जाहीर झाला. सुमारे १०.९१ लाख कर्मचारी, १,८६५.६८ कोटी रुपये. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण माणशी जास्तीत जास्त किती? १७,९५१ रुपये.

हा आकडा कुठून आला? बोनस मोजताना महिन्याचा पगार जास्तीत जास्त ७,००० रुपये धरतात, खरा पगार कितीही असो. ७,००० गुणिले १२, भागिले ३६५, गुणिले ७८. करून पाहा. आणि सातव्या वेतन आयोगानुसार जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारी नोकरीतला सर्वांत कमी मूळ पगारच १८,००० आहे. म्हणजे ७,००० रुपये पगार असलेला कायम कर्मचारी अख्ख्या रेल्वेत एकही नाही. तरी बोनस मात्र त्या काल्पनिक कर्मचाऱ्याच्या पगारावर मोजतात. रेल्वे संघटनांचं म्हणणं आहे की किमान १८,००० तरी धरा. तसं केलं तर तेच ७८ दिवस, पण रक्कम ४६,१५९ रुपये.

इतर अनेक केंद्रीय कर्मचाऱ्यांना ३० दिवसांचा तदर्थ बोनस मिळतो, तोही याच ७,००० च्या मर्यादेनं. हातात येतात ६,९०८ रुपये.

कोणी बोनस कापला का? नाही. दिवस ७८ च आहेत. पण मोजपट्टी जागच्या जागी ठेवली आणि भोवतीचे भाव वाढत गेले, की कपात आपोआप होते. त्याविरुद्ध न्यायालयात जायला ना परिपत्रक सापडतं, ना कायदा. म्हणून संघटनांना दरवर्षी मर्यादा वाढवण्याची तीच मागणी, तीच निवेदनं घेऊन उभं राहावं लागतं.

तुम्ही खासगी नोकरीत असाल तर

"हे सगळं सरकारी लोकांचं, आम्हाला काय?" असं वाटत असेल, तर आपल्या कामाच्या चार गोष्टी सांगतो. १९६५ च्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला बोनसचा हक्क आहे. वर्षात ३० दिवस काम केलं तरी तो लागू होतो, आणि ठेकेदाराकडच्या कामगारालाही. मोजणीची मर्यादा ७,००० रुपये किंवा त्या कामाचं किमान वेतन, यातली जी रक्कम जास्त असेल ती. आणि हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत.

गंमत बघा, ती दुरुस्तीही मागच्या तारखेनं, १ एप्रिल २०१४ पासून लागू केली होती, आणि तेव्हा न्यायालयात धाव घेतली मालकांनी. हत्यार तेच, फक्त टोक उलटं.

आता २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि बोनसचा जुना कायदा तिच्यात सामावला आहे. किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के हे दर कायम आहेत. पण किती पगारापर्यंत हक्क आणि किती पगारावर मोजणी, हे आकडे सरकारच्या अधिसूचनेनं ठरतात. म्हणजे यापुढे लक्ष टक्केवारीपेक्षा त्या आकड्यांवर ठेवायला हवं.

आपल्या हाती काय उरतं? बोनसची बातमी आली की तीन प्रश्न विचारायचे. हा पैसा कराराचा आहे, कायद्याचा आहे की कृपेचा? तो खऱ्या पगारावर मोजला की कागदावरच्या? आणि तो कमी करायचा झाला तर कोणाशी बोलावं लागेल, की कोणाशीच नाही? 'सानुग्रह' या शब्दानं तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवलेलं असतं. एलआयसीच्या कारकुनांनी आणि शिपायांनी आणीबाणीत न्यायालयाची पायरी चढली, ती १५ टक्क्यांसाठी होतीच. पण सही केल्यावर ती पाळावी लागते, समोर सरकार असलं तरी, हे त्यांना लिहून घ्यायचं होतं. निदान झालेल्या कामापुरतं तरी ते त्यांनी लिहून घेतलं.

घरात कोणी विमा कंपनीत, रेल्वेत, टपालात नोकरी केलेलं असेल, तर त्यांना त्या वर्षांबद्दल जरूर विचारा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.